सव्वीस कथांचं एकच गाठोडं नको

प्रश्न: तीन वर्षं टोपणनावानं मराठीत शृंगारकथा लिहिते आहे. सव्वीस कथा झाल्या, प्रत्येक साधारण साडेपाच हजार शब्दांची. चौदा कथा किंडलवर ९९ रुपयांना सुट्या आहेत. उरलेल्या बारा टेलिग्रामवर पीडीएफ करून विकते, पैसे यूपीआयनं घेते. मध्यंतरी एका कंपनीची पेमेंट लिंक वापरून पाहिली, तर पंधरा दिवसांत खातं गोठवलं आणि साडेचार हजार रुपये अडकले. आता सगळ्या कथांचा एक महासंग्रह करून १९९ रुपयांना विकावा असं मनात आहे. दोन लेखक मित्रही आपल्या कथा त्यात द्यायला तयार आहेत. कसं करू? घरी यातलं कुणालाच काही माहीत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर: महासंग्रह काढू नका. पाच-सहा कथांचे संच काढा, आणि एका संचात एकाच चवीच्या कथा ठेवा.

का ते आकड्यांत बघू. किंडलवर पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट वाचायला मिळतो. तुमच्या सव्वीस कथा म्हणजे १ लाख ४३ हजार शब्द. त्याचे दहा टक्के म्हणजे चौदा हजारांवर, म्हणजे अडीच कथा तुम्ही फुकटच वाटल्या. या प्रकारचं लेखन वाचणाऱ्याला अडीच कथा एका बैठकीला पुरतात. तो पुस्तक विकत घेणारच नाही. सहा कथांचा संच ३३ हजार शब्दांचा होतो. त्याचा नमुना ३,३०० शब्दांवर, म्हणजे पहिली कथा निम्म्याहून थोडी पुढं गेली की तुटतो. वाचकाचा हात खिशाकडं जातो तो नेमका तिथं. म्हणून पुस्तकाच्या तोंडाशी मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका यांची रांग लावू नका. शीर्षक, स्वामित्वहक्काच्या दोन ओळी, अनुक्रमणिका आणि लगेच कथा. आभार मागं टाका.

दुसरं, १९९ भागिले २६ म्हणजे कथेला पावणेआठ रुपये. शेजारीच तीच कथा ९९ ला ठेवलेली. सुट्या कथा त्या दिवसापासून मेल्या समजा. आणि ज्याला तुमचं लेखन आवडलं, त्याला पुढं विकायला तुमच्याकडं काही उरलं नाही. चार संच असते तर तो आणखी तीनदा परत आला असता.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. सव्वीसपैकी एक कथा नियमात बसली नाही तरी पूर्ण संग्रह अडतो. सहाच्या संचात नुकसान सहांपुरतं राहतं.

आता कथा निवडायच्या कशा. प्रत्येक कथेला एका ओळीत बसवा: पात्रं कोण, जागा कुठली, ताण कशाचा, वर्णन किती उघड. या सव्वीस ओळी समोर ठेवल्या की गट आपोआप दिसतात: लग्नानंतर उशिरा जुळलेली जोडपी, ऑफिसातली ओढाताण, प्रवासातली गाठ, चाळिशीनंतरचं नवं प्रेम. शृंगारकथेचा वाचक कादंबरीच्या वाचकापेक्षा वेगळा असतो. त्याला जे एकदा रुचलं तेच पुन्हा, थोड्या फरकानं हवं असतं. हळुवार दांपत्यकथांच्या मध्येच एक भलतीच आक्रमक कथा आली की तो चिडतो आणि एक तारा देऊन जातो. ज्या कथा कुठल्याच गटात बसत नाहीत त्या सुट्या राहू द्या. संख्या भरायला कमअस्सल कथा घुसडू नका. पाच चांगल्या असतील तर संच पाचाचा.

क्रम लावताना सगळ्यात दमदार कथा पहिली आणि दुसऱ्या क्रमांकाची शेवटची, कारण तिच्या खालीच पुढच्या संचाचा दुवा असतो. सगळ्यात पडेल ती चौथी. एक गोष्ट सुट्या कथांत कधी लक्षात येत नाही, ती संचात डोळ्यांत खुपते: तुमची पुनरुक्ती. तीन नायकांचं नाव राहुल, चार कथांत वीज जाते, पाच कथांत पाऊस. वर्डच्या शोधात प्रत्येक पात्राचं नाव आणि तुमचे लाडके शब्दप्रयोग टाकून बघा. ‘अंगावर शहारा आला’ हे तेहतीस हजार शब्दांत एकोणीस वेळा सापडलं तर पंधरा ठिकाणी बदला. हे दोन दिवसांचं काम आहे आणि संचाच्या अभिप्रायांत त्याचा फरक दिसतो.

एक कथा एकाच संचात. तोच माल वेगवेगळ्या पिशव्यांत भरून विकणं ॲमेझॉनलाही खपत नाही आणि वाचकालाही. संचाच्या वर्णनात सगळ्या कथांची नावं द्या आणि ‘या कथा यापूर्वी सुट्या प्रसिद्ध झाल्या आहेत’ हे वाक्य पहिल्या तीन ओळींत असू द्या. हे वाक्य टाकल्यानं विक्री घटेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. घटते ती जुन्या वाचकांना चुकून झालेली विक्री, आणि ती तशीही परताव्यात जाते. जुन्या वाचकाला ओढायला संचात एक ‘खास नवी कथा’ घालण्याची युक्तीही फारशी कामाची नाही. एका कथेसाठी सहांचे पैसे मोजायला लावल्याचा राग येतो. नवी कथा घातलीच तर ती सुटीही विकायला ठेवा.

किंमत अडीच ते तीन सुट्या कथांएवढी ठेवावी, म्हणजे तुमच्या हिशेबानं २४९ रुपये. इथं केडीपीचा, म्हणजे किंडलवर स्वतः पुस्तक काढायच्या ॲमेझॉनच्या सेवेचा, एक नियम मराठी लेखकांना हमखास चकवतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी फक्त केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-पुस्तक किंडलवरच विकायच्या योजनेत, असलेल्या पुस्तकाला मिळते. नसेल तर ३५. ७० टक्क्यांत फाइलच्या वजनाचा खर्च आधी वजा होतो, भारतात एका एमबीला ७ रुपये. एक एमबीचा संच २४९ ला विकला तर हाती साधारण १६९ रुपये, सिलेक्टबाहेर ८७. प्रत्येक कथेआधी तिचं जुनं मुखपृष्ठ चित्र म्हणून घातलं आणि फाइल तीन एमबीची झाली, तर प्रतीमागं आणखी दहा रुपये गेले. चित्रं काढून टाका.

अमेरिकेतल्या मराठी वाचकासाठी किंमत आपोआप रूपांतर होऊन येऊ देऊ नका, हातानं भरा. तिथं ७० टक्के मिळतात ते २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्येच. ३.९९ ठेवा. महासंग्रहाच्या विरुद्ध हाही एक मुद्दा: १४.९९ डॉलरच्या पुस्तकावर ३५ टक्क्यांनी सव्वापाच डॉलर येतात, ९.९९ च्या पुस्तकावर जवळजवळ सात.

सिलेक्टची अट मात्र कडक आहे. नव्वद दिवस तो मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडं कुठंही असता कामा नये. दुसरीकडं म्हणजे टेलिग्रामवरची पीडीएफ, स्वतःचा ब्लॉग, फुकटात दिलेली प्रत, सगळं आलं. दहा टक्क्यांपर्यंतचा नमुना चालतो. लोक फसतात ते संचाच्या बाबतीत. संच सिलेक्टमध्ये आणि त्यातली एक कथा बाहेर सुटी विकली जात असेल तरी करार मोडतो. उलटही तेच: सुट्या कथा सिलेक्टमध्ये आणि संच दुसऱ्या दुकानात, तरी मोडतो. म्हणून आज केडीपीच्या पानावर जाऊन चौदाही कथांची सिलेक्टची स्थिती आणि मुदतीची तारीख एका कागदावर लिहून काढा. नोंदणी दर नव्वद दिवसांनी आपोआप नव्यानं होते. बाहेर पडायचं असेल तर ती खूण आधीच काढावी लागते. पुस्तक विक्रीतून काढलं म्हणजे मुदत संपली, असं होत नाही.

तुमच्या टेलिग्रामवरच्या बारा कथांचा प्रश्न यातूनच येतो. पीडीएफ विकत राहायचं आणि त्याच कथा सिलेक्टच्या संचातही घालायच्या, हे जमणार नाही. पहिला संच किंडलवरच्या चौदांतूनच करा. बारांची विक्री थांबवा, गटातल्या फाइली काढून टाका, आणि महिनाभर शोधत राहा. कथेतलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं की चोरीच्या प्रती सापडतात. सापडली की हटवण्याची नोटीस द्या आणि तिची नक्कल ठेवा. ॲमेझॉननं विचारलंच तर तीच कामी येते.

सिलेक्टमधली पुस्तकं किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत जातात. तिथं २०१५ च्या जुलैपासून उचललेल्या पुस्तकामागं नाही, वाचलेल्या पानांमागं पैसे मिळतात. जगभरातले छोट्या शृंगारकथांचे लेखक संचांकडं वळले ते मुख्यतः तेव्हापासून. एक कथा संपली की वाचक दुकानात परत न जाता पुढच्या कथेत जातो, एवढाच त्यातला फायदा. पानं फुगवायला पुढच्या पुस्तकाची दहा प्रकरणं मागं जोडणं, वाचकाला शेवटच्या पानावर उडी मारायला लावणं, असल्या युक्त्यांनी २०१८ मध्ये बऱ्याच जणांची खाती गेली.

नाव आणि मुखपृष्ठ. आपल्याकडच्या पिवळ्या पुस्तकांची परंपरा नात्यांच्या नावांवर चालत आली: वहिनी, मामी, शेजारची अमकी. ऑनलाइन दुकानात ती सवय सोडा. रक्ताच्या किंवा घरातल्या नात्यांचा वास आला की पुस्तक तपासणीत अडकतं. शाळा, क्लास, कोवळी, अल्लड हे शब्द तर शीर्षकात, वर्णनात, शोधशब्दांत कुठंही नकोत, आणि प्रत्येक पात्र अठरा वर्षांच्या वरचं आहे हे कथेतच स्पष्ट झालं पाहिजे. ही फक्त दुकानाची कटकट नाही. कायद्याचं पुढं येईल.

पुस्तक भरताना केडीपी विचारतं की मुखपृष्ठात वा आतल्या चित्रांत उघड लैंगिक दृश्य किंवा शीर्षकात तशी भाषा आहे का. प्रामाणिक उत्तर ‘नाही’ येईल असंच शीर्षक आणि चित्र करा. उघडी छाती तळहातानं झाकलेली, चादरीखालचे दोन देह, हे ‘सूचक’ वाटतं, पण अशा मुखपृष्ठांचं पुस्तक प्रौढ गाळणीत जातं आणि सर्वसाधारण शोधात दिसेनासं होतं. ओला पदर, सुटलेले केस, दाराच्या फटीतला उजेड एवढ्यानं काम होतं. वर्ग मात्र इरॉटिकाच निवडा. अधिक खपतं म्हणून रोमान्समध्ये ढकलू नका. वाचकच तक्रार करतात. संचाच्या मुखपृष्ठावर ‘सहा कथांचा संच’ हे शब्द हवेत आणि तेच शीर्षकाच्या रकान्यातही हवेत. आकार १६०० बाय २५६० पिक्सेल, सपाट. खोक्यासारखं त्रिमितीय चित्र काही दुकानं सरळ नाकारतात. चित्र एआयकडून करून घेतलं तर केडीपीला तसं सांगावं लागतं.

जी कथा सुटी असताना अडवली गेली होती ती संचाच्या पोटात लपवून पाठवू नका. पकडली गेली तर प्रश्न कथेपुरता न राहता खात्याचा होतो, आणि केडीपीवर माणशी खातं एकच.

फाइलबद्दल थोडं. जुन्या कथा श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तर आधी युनिकोड करा, नाहीतर किंडलवर निव्वळ गिचमिड दिसते. रूपांतर करताना सगळ्यात जास्त मार खातो तो अर्धा ‘ऱ’: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यानं’चं ‘वार्यानं’. ‘र्या’ शोधा आणि एकेक तपासून दुरुस्त करा. एकदम सगळे बदलू नका, कारण ‘सूर्या’ आणि ‘मर्यादा’ बरोबर आहेत. प्रत्येक कथेच्या नावाला वर्डमधली ‘हेडिंग वन’ ही शैली द्या, कथेनंतर पान तोडा, अनुक्रमणिका त्यावरूनच तयार करा. मग ॲमेझॉनच्या किंडल प्रीव्ह्यूअर या ॲपमध्ये फोनच्या आकारात पहिली कथा पूर्ण वाचा.

मित्रांच्या कथा पहिल्या संचात घेऊ नका. पुढं घ्यायच्याच असतील तर लेखी करार करा. केडीपी पैसे एकाच खात्यात टाकतं, वाटणी तुम्हाला करावी लागते, आणि मैत्री बहुतेक वेळा तिथंच बिनसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मुदत एक वर्ष, प्रदेश जगभर, परवाना त्या संचापुरता, प्रत्येकाचा वाटा किती टक्के, हिशेब दर तीन महिन्यांनी, मुखपृष्ठाचा खर्च कुणाचा, एवढं एका पानात बसतं. सिलेक्टची अट त्यांच्या कथांनाही लागू होते, हे त्यांना आधी सांगा. ड्राफ्ट टू डिजिटल या वितरकाकडं रॉयल्टी आपोआप वाटण्याची सोय आहे, पण ती सिलेक्ट सोडणाऱ्यांसाठी.

आता गोठलेल्या खात्याकडं येऊ. तुमच्याशी कुणी वैर केलेलं नाही. पेमेंट कंपन्यांच्या मनाई-यादीत प्रौढ मजकूर असतो आणि बऱ्याच ठिकाणी ‘साहित्यासह’ असं लिहिलेलं असतं. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या यादीत तसं स्पष्ट आहे. २०१२ मध्ये पेपालनं स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या दुकानाला काही प्रकारच्या शृंगारकथा काढायला सांगितलं होतं, आणि लेखक-वाचकांनी गदारोळ केल्यावर महिन्याभरात माघार घेतली. २०२५ च्या जुलैत इच डॉट आयओ या गेम विकणाऱ्या साइटनं पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळं प्रौढ मजकूर शोधातून काढून टाकला. या धंद्यात दुकानाची किल्ली पैसे वळवणाऱ्याच्या हातात असते. अडकलेल्या रकमेसाठी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, विक्रीच्या पावत्या जोडा आणि खरेदीदारांना परतावा देण्याची तयारी लिहून द्या. परताव्याचा मार्ग बहुधा लवकर सुटतो. विक्रीचं वर्णन ‘ई-बुक सेवा’ असं गुळमुळीत लिहून दुसऱ्या कंपनीत खातं उघडू नका.

कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ अश्लील मजकुराच्या विक्रीचं आहे: पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. कलम २९५ अठरा वर्षांखालच्याला विकण्याचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ तीन वर्षांचं, ६७-अ पाच वर्षांचं, आणि ६७-ब मुलांविषयीचं, ज्यात चित्राबरोबर नुसता मजकूरही येतो. साहित्य आणि कला यांच्या हितासाठी असलेल्या लेखनाला कायद्यात अपवाद आहे, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांना मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना १९६९ मध्ये सोडलं. म्हणजे अखेर सुटका झाली, पण सात वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अवीक सरकार खटल्यातल्या निकालानंतर मजकूर आजच्या समाजाच्या मापानं आणि संदर्भासह पाहायचा असतो, हा थोडा दिलासा. व्यवहारात याचा अर्थ असा की पात्रं, प्रसंग, ताण असलेली कथा आणि नुसती क्रियांची यादी यांत फार अंतर आहे. संचात दुसऱ्या प्रकारचं काही असेल तर बाहेर ठेवा. ओळखू येईल अशी खरी व्यक्ती कुठल्याही कथेत नको. टेलिग्रामवरची विक्री या दृष्टीनंही वाईट, कारण समोरचा सतरा वर्षांचा आहे की सत्तरचा हे तुम्हाला कळत नाही. एकदा सगळे मजकूर घेऊन वकिलाशी तासभर बोला. सांगलीत संकोच वाटत असेल तर पुण्या-मुंबईत.

कराचं थोडक्यात: केडीपीच्या कर-प्रश्नावलीत पॅन भरा, म्हणजे अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी येतात.

राहिली घरची गोष्ट. केडीपीवर खरं नाव फक्त कर आणि बँकेसाठी लागतं. पुस्तकावर टोपणनाव चालतं. ते फुटतं ते दुसऱ्याच वाटांनी. यूपीआयनं पैसे पाठवणाऱ्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं, म्हणजे आजवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माहीत आहे. वर्डमधून केलेल्या पीडीएफच्या गुणधर्मांत संगणकाच्या मालकाचं नाव लेखक म्हणून बसलेलं असतं. पीडीएफ करण्याआधी वर्डच्या फाइल मेनूतली दस्तऐवज-तपासणी चालवून ते पुसा. टेलिग्रामवर फोन नंबर ‘कुणालाही नाही’ करा. आणि केडीपी उघडलंय ते घरचं सामान ज्यावर मागवता त्याच ॲमेझॉन खात्यावर असेल, तर दुसरं केडीपी खातं काढायचा मोह आवरा, ते नियमात बसत नाही. त्याच खात्याचा ईमेल आणि पासवर्ड बदला, घरातल्या फोनांवरून ते बाहेर काढा, आणि किराणा-कपड्यांच्या खरेदीसाठी घरच्यांना नवं खातं उघडून द्या.